अणुभट्टीची चाल कशी मोजली गेली

अणुभट्टीतली साखळी प्रक्रिया किती वेगाने वाढते किंवा ओसरते, हे मुख्यतः तीन राशींवर ठरते. विखंडनातून निघणाऱ्या एकूण न्यूट्रॉनांपैकी उशिरा बाहेर पडणाऱ्यांचे प्रमाण ही पहिली. भौतिकीत ती ‘बीटा’ या अक्षराने दाखवतात. एका पिढीतल्या न्यूट्रॉनपासून पुढच्या पिढीतला न्यूट्रॉन जन्मेपर्यंत जाणारा सरासरी काळ, म्हणजे पिढीकाल, ही दुसरी. तिसरी रिॲक्टिव्हिटी: भट्टी समतोलापासून कोणत्या बाजूला आणि किती ढळली आहे त्याचे माप. यांतली एकही राशी थेट मोजता येत नाही. मीटरवर दिसते ती फक्त न्यूट्रॉनांची संख्या आणि तिच्यात होणारा बदल, आणि त्यातून हाती लागतात ती बहुतेक वेळा या राशींची गुणोत्तरे. गुणोत्तरांच्या गाठी सोडवण्यासाठी गेल्या ऐंशी-पंच्याऐंशी वर्षांत ज्या युक्त्या निघाल्या, त्यांतच या मोजमापाचा इतिहास आहे.

त्याची सुरुवात भट्टी अस्तित्वात येण्याआधीच झाली. ऑटो हान आणि फ्रिट्झ स्ट्रासमन यांनी डिसेंबर १९३८ मध्ये बर्लिनमध्ये युरेनियमचे विखंडन शोधले. त्यानंतर काही आठवड्यांतच वॉशिंग्टनच्या कार्नेगी संस्थेत रिचर्ड रॉबर्ट्स, लॉरेन्स हाफस्टॅड, आर. सी. मेयर आणि पी. वांग हे युरेनियमवर न्यूट्रॉनांचा मारा करून पाहत होते. मारा थांबवल्यावर न्यूट्रॉनही तत्क्षणी थांबायला हवे होते. पण मोजणी चालूच राहिली. दर साडेबारा सेकंदांनी साधारण निम्मी होत ती हळूहळू मावळली. निल्स बोर आणि जॉन व्हीलर यांनी त्याच वर्षीच्या आपल्या प्रसिद्ध निबंधात याचे कारण दिले. विखंडनातून उरलेल्या तुकड्यांपैकी काही अणुकेंद्रे आधी बीटा-क्षय पावतात, त्यातून एक अतिशय उत्तेजित केंद्र तयार होते आणि ते लगेच एक न्यूट्रॉन टाकते. विलंब असतो तो बीटा-क्षयाचा. न्यूट्रॉन बाहेर पडायला वेळ लागत नाही. या न्यूट्रॉनांना विलंबित न्यूट्रॉन म्हणतात, आणि विखंडनाच्या क्षणीच निघणाऱ्यांना तत्क्षणी न्यूट्रॉन.

हा शोध त्या वेळी एक किरकोळ कुतूहल वाटावा असाच होता. त्याचे वजन आकडेमोड केल्यावर कळते. साध्या पाण्याच्या भट्टीत पिढीकाल सेकंदाच्या दहा हजाराव्या भागाइतका धरला आणि प्रत्येक पिढीत न्यूट्रॉन फक्त हजारात एक या प्रमाणात वाढतात असे मानले, तर केवळ तत्क्षणी न्यूट्रॉनांवर चालणारी प्रक्रिया एका सेकंदात सुमारे बावीस हजार पट होईल. कोणताही नियंत्रक दांडा आणि कोणताही माणूस त्या वेगाला पुरा पडणार नाही. विलंबित न्यूट्रॉन हिशेबात घेतले, की तेवढ्याच जादा रिॲक्टिव्हिटीला शक्ती पावणेतीन पट व्हायला जवळपास एक मिनिट लागतो. शेकड्यात एकाहूनही कमी असलेले हे उशिरा येणारे न्यूट्रॉन साऱ्या भट्टीला आपल्या चालीने चालायला लावतात. लेनिनग्राडमध्ये याकोव्ह झेल्डोविच आणि युली खारिटॉन यांनी १९४० मध्ये युरेनियममधल्या साखळी प्रक्रियेच्या गतीवर निबंध लिहिला. प्रक्रिया ताब्यात ठेवण्यात विलंबित न्यूट्रॉनांचा वाटा मोठा असेल, हे त्यांनी कागदावरच ओळखले होते.

अमेरिकेत हाच प्रश्न लवकरच निकडीचा झाला. शिकागो विद्यापीठात एन्रिको फर्मी ग्रॅफाइट आणि युरेनियम यांची रास उभारण्याच्या तयारीत होते, आणि विलंबित न्यूट्रॉन खरोखर किती हे कोणालाच नेमके ठाऊक नव्हते. आर्थर स्नेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४२ मध्ये विद्यापीठाच्या सायक्लोट्रॉनवर युरेनियमचा नमुना ठेवून, झोत बंद झाल्यावर उरणाऱ्या न्यूट्रॉनांचा उतार नोंदवला. प्रमाण एक टक्क्याच्या आसपास निघाले आणि तो उतार एकाच अर्धायुष्याचा नसून निरनिराळ्या अर्धायुष्यांची बेरीज आहे असेही दिसले. युद्धकाळातल्या गोपनीयतेमुळे हे काम छापून आले ते १९४७ मध्ये.

२ डिसेंबर १९४२ रोजी स्टॅग फील्डच्या पश्चिमेकडच्या प्रेक्षागाराखाली फर्मींची रास क्रांतिक झाली, म्हणजे तिच्यातली साखळी प्रक्रिया स्वतःच्या बळावर चालू लागली. ती घटना पुष्कळदा सांगितली गेली आहे. गतिकीच्या, म्हणजे प्रक्रियेच्या चालीच्या, दृष्टीने तिच्यात पाहण्यासारखे आहे ते फर्मींचे वागणे. जॉर्ज वाइल न्यूट्रॉन शोषणारा कॅडमियमचा शेवटचा दांडा टप्प्याटप्प्याने बाहेर ओढत होते. प्रत्येक टप्प्यानंतर नोंदपट्टावरची रेषा चढे आणि सपाट होई. पुढच्या टप्प्याला ती कुठे सपाट होईल हे फर्मी आधीच स्लाइड रूलवर आकडेमोड करून सांगत. दुपारी शेवटच्या टप्प्याला रेषा सपाट होईना. मोजणी दुप्पट होण्यास लागणारा वेळ स्थिर राहिला, म्हणजे वाढ घातांकी आहे याची खात्री पटली आणि शक्ती अर्ध्या वॉटवर असताना रास बंद करण्यात आली. बाहेरून किरणांना अडवणारी भिंतच नसल्याने याहून वर जाणे शहाणपणाचे नव्हते. भट्टी चालू झाल्याचा पुरावा म्हणून त्या दिवशी पाहिले गेले ते गतिकीचे मोजमापच होते. उष्णता किंवा वीज यांचा त्यात संबंध नव्हता.

याच कामातून पहिली पद्धत रुळली आणि ती आजही प्रत्येक नव्या भट्टीत वापरतात. दांडा थोडा बाहेर काढायचा, सुरुवातीची उसळी ओसरू द्यायची आणि मग शक्ती २.७१८ पट होण्यास किती सेकंद लागतात ते घड्याळावर मोजायचे. या काळाला पिरियड म्हणतात. पिरियडवरून रिॲक्टिव्हिटी काढण्याचे समीकरण लोथर नॉर्डहाइम यांच्या नावानेही ओळखले जाते. शिकागोत रिॲक्टिव्हिटीचे एककही त्यावरून पडले: ज्या रिॲक्टिव्हिटीला पिरियड बरोबर एक तासाचा येतो ती एक ‘इनअवर’. पद्धत साधी, घड्याळ आणि मोजणीयंत्र यांच्यापलीकडे काही लागत नाही. पण ती विलंबित न्यूट्रॉनांच्या आकड्यांवर पूर्ण विसंबून आहे. ते आकडे चुकले तर रिॲक्टिव्हिटीही त्याच प्रमाणात चुकते. शिवाय ही पद्धत चढत्या बाजूला चालते. उतरत्या बाजूला, म्हणजे सगळे दांडे आत टाकल्यावर, भट्टी शेवटी सुमारे ऐंशी सेकंदांच्या पिरियडने ओसरते, कारण सर्वांत सावकाश येणाऱ्या गटाचे अर्धायुष्य ५५ सेकंदांच्या वर आहे. दांडे दहा टाका की पन्नास, तो उतार तोच राहतो आणि दांड्यांचे वजन त्यावरून सांगता येत नाही. त्यासाठी दांडा पडताक्षणी शक्ती किती पटींनी कोसळली, हे पाहावे लागते.

युद्ध संपल्यावर दुसरी वाट निघाली. दांडा एकदाच हलवून थांबण्याऐवजी तो ठरावीक लयीत आतबाहेर करत राहायचे आणि शक्ती त्या लयीला किती आणि किती उशिरा प्रतिसाद देते ते पाहायचे. ओक रिजच्या ग्रॅफाइट भट्टीच्या निमित्ताने ॲल्विन वाइनबर्ग आणि एच. सी. श्वाइन्लर यांनी १९४८ मध्ये अशा झुलत्या शोषकाचा सिद्धांत मांडला. आर्गॉन प्रयोगशाळेत सीपी-२ या भट्टीचा असा लय-प्रतिसाद मोजून तो १९५२ मध्ये प्रसिद्ध झाला. सावकाश लयीला विलंबित न्यूट्रॉन साथ देतात. लय वाढवत नेली की ते मागे पडतात आणि मग एका विशिष्ट वारंवारतेपलीकडे तत्क्षणी न्यूट्रॉनांनाही लय झेपत नाही, प्रतिसाद झपाट्याने खाली येतो. तो उतार जिथे सुरू होतो ती वारंवारता बीटा आणि पिढीकाल यांच्या गुणोत्तराइतकी असते. ग्रॅफाइट भट्टीत हे गुणोत्तर सेकंदाला सात-आठच्या घरात, साध्या पाण्याच्या भट्टीत शंभराच्या पुढे. दोन्ही राशी वेगळ्या मात्र होत नाहीत. मिळते ते गुणोत्तर.

त्याआधी, युद्धकाळातच, अणुबॉम्ब बनवणाऱ्या लॉस अलामॉस प्रयोगशाळेत प्रश्नच वेगळा होता. तिथल्या धातूच्या गोळ्यांत न्यूट्रॉनांना मंद करणारे काही नव्हते आणि पिढीकाल सेकंदाच्या अब्जांश भागांत मोजावा लागणार होता. इतक्या वेगात दांडा हलवणे अशक्य. ब्रुनो रॉसी यांनी दांडा हलवायचाच नाही असे ठरवले. क्रांतिकतेच्या जरा खाली असलेल्या जुळणीतही न्यूट्रॉनांच्या छोट्या छोट्या साखळ्या सतत सुरू होतात आणि विझतात. एक न्यूट्रॉन मोजणीयंत्रात पडला की त्या क्षणापासून घड्याळ सुरू करायचे आणि पुढच्या प्रत्येक सूक्ष्म कालखंडात आणखी न्यूट्रॉन पडण्याची शक्यता किती ते नोंदवायचे. पहिल्या न्यूट्रॉनचे भाऊबंद, म्हणजे त्याच साखळीतले बाकीचे न्यूट्रॉन, जवळच्या काळात जास्त सापडतात. काळ वाढेल तसे ते विरळ होतात आणि शेवटी उरते ती परक्या साखळ्यांची सपाट पार्श्वभूमी. त्या उताराचा वेग म्हणजेच तत्क्षणी न्यूट्रॉनांचा क्षयदर. त्याला ‘आल्फा’ म्हणत असल्याने पद्धतीचे नाव रॉसी-आल्फा पडले.

रिचर्ड फाइनमन यांनी त्याच तत्त्वाला दुसऱ्या बाजूने हात घातला. लॉस अलामॉसची ‘वॉटर बॉयलर’ ही भट्टी १९४४ मध्ये क्रांतिक झाली होती: स्टीलच्या फूटभर व्यासाच्या गोलात समृद्ध युरेनियमच्या क्षाराचे द्रावण आणि भोवती बेरिलियम ऑक्साइडचे आवरण. फाइनमन, फ्रेडरिक द हॉफमन आणि रॉबर्ट सर्बर यांनी मोजणीयंत्र ठरावीक काळ उघडे ठेवून त्यात पडलेले न्यूट्रॉन मोजले, पुन्हा उघडले, पुन्हा मोजले. न्यूट्रॉन एकमेकांशी संबंध नसलेले असते तर या मोजण्यांचे विचरण, म्हणजे त्यांच्या फैलावाचे माप, त्यांच्या सरासरीइतकेच आले असते, छपरावर पडणाऱ्या पावसाच्या थेंबांचे येते तसे. साखळीमुळे न्यूट्रॉन घोळक्याने येतात आणि विचरण सरासरीपेक्षा जास्त भरते. यंत्र उघडे ठेवण्याचा काळ वाढवत नेला की हे आधिक्य वाढत जाऊन एका पातळीवर थबकते. किती काळात थबकते त्यावरून आल्फा निघतो. हे काम १९४४ मधले, पण खुल्या नियतकालिकात ते यायला १९५६ उजाडले. ही पद्धत निघाली ती मुळात विखंडनात किती न्यूट्रॉन सुटतात त्यातली विखुरण मोजायला. भट्टीच्या गतिकीला तिचा जो उपयोग झाला तो अधिक टिकाऊ ठरला.

याच काळात लुई स्लॉटिन यांच्या सूचनेवरून रिॲक्टिव्हिटीचे नवे एकक रूढ झाले. विलंबित न्यूट्रॉनांच्या मदतीने क्रांतिक होणे आणि केवळ तत्क्षणी न्यूट्रॉनांवर क्रांतिक होणे, यांच्यामधले अंतर म्हणजे एक डॉलर. त्याचा शंभरावा भाग सेंट. एक डॉलरच्या पलीकडे भट्टी ताब्यात राहत नाही, त्यामुळे नाव गमतीचे असले तरी एकक कामाचे होते. स्लॉटिन स्वतः मे १९४६ मध्ये प्लुटोनियमच्या गोळ्यावर हाताने प्रयोग करत असताना हीच सीमा ओलांडली जाऊन झालेल्या अपघातात नऊ दिवसांनी दगावले. डॉलर रूढ होण्यामागे आणखी एक कारण आहे आणि ते मोजमापाच्या मुळाशी जाते. वर सांगितलेल्या जवळजवळ सर्व पद्धतींतून रिॲक्टिव्हिटी बीटाच्या पटीतच मिळते. तराजूत तोललेली वस्तू एका वजनाच्या अर्धी भरली हे पक्के कळावे, पण त्या वजनावरचा छापच पुसलेला असावा, तशी ही अवस्था. डॉलरमधला आकडा नेमका असतो. डॉलरची स्वतःची किंमत मात्र इंधनागणिक बदलते.

ती किंमत ठरवण्याचे निर्णायक काम पुन्हा लॉस अलामॉसमध्येच झाले. ‘गोडायव्हा’ हा अतिसमृद्ध युरेनियमचा सुमारे बावन्न किलोचा उघडा गोळा तिथे १९५० च्या दशकात चालत होता. भोवती परावर्तकाचे कसलेही आवरण नसल्यामुळे त्याला उघड्याने घोड्यावरून गेलेल्या इंग्रजी दंतकथेतल्या उमराव स्त्रीचे नाव मिळाले. रॉसी-आल्फा पद्धतीने त्याचा क्षयदर सेकंदाला अकरा लाखांच्या आसपास निघाला. त्यावरून पिढीकाल सुमारे सहा अब्जांश सेकंद येतो. गोडायव्हा एक डॉलरच्या किंचित वर नेला की सेकंदाच्या अगदी लहान अंशात न्यूट्रॉनांचा एक प्रचंड झोत सोडे आणि तापून प्रसरण पावल्यामुळे आपोआप विझे. जी. रॉबर्ट कीपिन, टी. एफ. विमेट आणि आर. के. झिगलर यांना हा झोत म्हणजे पर्वणीच होती. काही ग्रॅमचा नमुना झोतात धरायचा आणि हवेच्या दाबाने चालणाऱ्या नळीतून तो क्षणार्धात दूर ठेवलेल्या मोजणीयंत्रापाशी न्यायचा. झोत इतका तोकडा, की अर्ध्या सेकंदाहून कमी आयुष्याचे विलंबित न्यूट्रॉनही निसटत नसत. सावकाश गटांसाठी नमुना बराच वेळ भाजून घेत.

१९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांत विलंबित न्यूट्रॉनांचे सहा गट होते. युरेनियम-२३५ साठी त्यांची अर्धायुष्ये सुमारे ५५.७, २२.७, ६.२, २.३, ०.६१ आणि ०.२३ सेकंद. पहिल्या गटामागे ब्रोमीन-८७ हे एकच केंद्र आहे; बाकीचे गट म्हणजे पुष्कळ केंद्रांची सोयीसाठी बांधलेली मोट. बीटाचे मूल्य युरेनियम-२३५ साठी ०.००६५ च्या आसपास, युरेनियम-२३३ साठी ०.००२६ आणि प्लुटोनियम-२३९ साठी ०.००२१. प्लुटोनियमचा डॉलर युरेनियमच्या डॉलरच्या एक तृतीयांश किमतीचा निघाला, म्हणजे प्लुटोनियमच्या भट्टीत चुकीला तितकीच कमी जागा. कीपिन यांचे १९६५ मधले गतिकीवरचे पुस्तक आणि त्यातली कोष्टके पुढची कित्येक दशके भट्टीच्या संगणकीय आज्ञावलींत जशीच्या तशी उतरवली गेली.

मोजमापाचा प्रयोगच अंगावर उलटल्याचे ठळक उदाहरण आयडाहोचे. ईबीआर-१ ही वेगवान न्यूट्रॉनांवर चालणारी भट्टी २० डिसेंबर १९५१ रोजी वीज निर्माण करून प्रसिद्ध झाली होती. तिच्या दुसऱ्या गाभ्यात एक विचित्र लक्षण दिसले: शक्ती वाढली की रिॲक्टिव्हिटी काही क्षण घटण्याऐवजी वाढे. त्याचा छडा लावण्यासाठी २९ नोव्हेंबर १९५५ रोजी शीतक द्रवाचा प्रवाह थांबवून शक्ती झपाट्याने चढवण्याचा प्रयोग आखला गेला. ठरलेल्या क्षणी भट्टी विझवायची होती. चालकाकडून मात्र वेगाने काम करणाऱ्या यंत्रणेऐवजी सावकाश चालणारा दांडा हलवला गेला. चूक दुरुस्त व्हायला काही सेकंदही लागले नाहीत, पण तेवढ्यात गाभ्याचा जवळपास अर्धा भाग वितळला. कोणाला इजा झाली नाही. पुढे इंधनकांड्या घट्ट धरून ठेवणारा तिसरा गाभा बसवून लय-प्रतिसादाचे प्रयोग केले, तेव्हा उलगडा झाला. तापमानाच्या फरकामुळे कांड्या आतल्या बाजूला वाकत, त्यामुळे इंधन केंद्राजवळ येई आणि रिॲक्टिव्हिटी वाढे. गतिकीच्या मोजणीतून यांत्रिक दोष सापडल्याचे हे उदाहरण वितळलेल्या गाभ्यापेक्षा अधिक लक्षात ठेवण्यासारखे आहे.

१९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात भट्टीला हात न लावता मोजण्याच्या आणखी दोन पद्धती आल्या. स्वीडनच्या एन. जी. स्यॉस्ट्रँड यांनी १९५६ मध्ये स्पंदित न्यूट्रॉनांची पद्धत मांडली. छोट्या त्वरकातून क्रांतिकतेखालच्या भट्टीत न्यूट्रॉनांचे ठोके एकामागून एक सोडायचे. प्रत्येक ठोक्यानंतर तत्क्षणी न्यूट्रॉनांची टेकडी उठून मावळते आणि खाली विलंबित न्यूट्रॉनांचा सपाट थर उरतो. टेकडीचे क्षेत्रफळ भागिले थराचे क्षेत्रफळ, की भट्टी क्रांतिकतेपासून किती डॉलर खाली आहे ते मिळते. आधीचे कोणतेही प्रमाणीकरण लागत नाही. दोन वर्षांनी सिमन्स आणि किंग यांनी टेकडीच्या उताराच्या वेगावरून रिॲक्टिव्हिटी काढण्याची पद्धत दिली. दुसरीकडे आर्गॉनचे चार्ल्स कोन यांनी भट्टीच्या ‘गोंगाटा’कडे लक्ष वळवले. स्थिर शक्तीवर चालणाऱ्या भट्टीच्या मीटरचा काटाही बारीक थरथरत असतो. त्या थरथरीचे वारंवारतेनुसार पृथक्करण केले तर दांडा झुलवून मिळणाऱ्या प्रतिसादाचेच रूप त्यात दिसते. फाइनमन आणि रॉसी यांनी काळाच्या भाषेत सांगितलेली गोष्ट कोन यांनी १९५९ च्या सुमारास वारंवारतेच्या भाषेत सांगितली. या पद्धतीला फार शक्तीचीही गरज नाही. उलट शक्ती वाढली की साखळ्या एकमेकींवर चढतात आणि रॉसी-आल्फा तर चालेनासाच होतो. म्हणून ही मोजमापे शून्य-शक्तीच्या प्रायोगिक जुळण्यांत होतात.

भारतात या कामाचे घर ट्रॉम्बे. ४ ऑगस्ट १९५६ रोजी क्रांतिक झालेली अप्सरा ही सोव्हिएत संघ वगळता आशियातली पहिली भट्टी. तिचे इंधन ब्रिटनहून आले होते, बाकी उभारणी इथली. जुलै १९६० मध्ये सायरस आणि १४ जानेवारी १९६१ रोजी झर्लिना क्रांतिक झाली. झर्लिना शून्य-शक्तीची आणि जड पाण्याची होती. निरनिराळ्या इंधनरचनांची भौतिकी तपासणे हेच तिचे काम. जड पाणी गतिकीच्या मोजमापात एक गुंता आणते. विखंडनाच्या तुकड्यांतून निघणारे गॅमा किरण सुमारे २.२ दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्टपेक्षा ऊर्जावान असले तर जड हायड्रोजनच्या केंद्रातून न्यूट्रॉन सुटतो. हेही उशिरा येणारे न्यूट्रॉनच, पण त्यांच्या मागची अर्धायुष्ये मिनिटांपासून दिवसांपर्यंत असतात. त्यामुळे अशा भट्टीत सहा गटांवर भागत नाही आणि भट्टी बंद केल्यावरही न्यूट्रॉनांचा क्षीण झरा दीर्घकाळ आटत नाही. भारतातल्या बहुसंख्य वीजभट्ट्या, तारापूरच्या ५४० मेगावॅटच्या दोन्ही धरून, जड पाण्याच्या असल्याने हा गुंता इथल्या भौतिकशास्त्रज्ञांच्या रोजच्या कामाचा भाग झाला.

पी. के. अय्यंगार यांनी दुबना येथील सोव्हिएत स्पंदित भट्टी पाहिल्यानंतर त्या धर्तीवर विचार सुरू झाला आणि त्यातून पूर्णिमा ही प्लुटोनियम ऑक्साइडवर चालणारी वेगवान न्यूट्रॉनांची शून्य-शक्तीची भट्टी १८ मे १९७२ रोजी ट्रॉम्बेत क्रांतिक झाली. बरोबर दोन वर्षांनी, त्याच तारखेला, पोखरणचा पहिला स्फोट झाला. प्लुटोनियमच्या वेगवान जुळणीची भौतिकी हाताळण्याचा जो अनुभव त्यासाठी लागला तो पूर्णिमेने दिला होता. डॉलर लहान आणि पिढीकाल अत्यंत आखूड अशा भट्टीत गतिकीचे आकडे अंदाजाने धरून चालत नाही. १० मे १९८४ रोजी आलेली पूर्णिमा-२ युरेनियम-२३३ च्या द्रावणावर चालली आणि तिच्याभोवती बेरिलियम ऑक्साइड होते. बेरिलियमही गॅमा किरणांमुळे न्यूट्रॉन सोडतो, म्हणजे गुंता पुन्हा होताच. थोरियमपासून मिळणाऱ्या या इंधनाचा अनुभव पुढे कल्पाक्कमच्या कामिनी भट्टीत उपयोगी पडला. ती १९९६ मध्ये क्रांतिक झाली.

या सगळ्यात डॉलरच्या किमतीचा मूळ प्रश्न पूर्ण सुटला नव्हता. कीपिन यांचा बीटा हा अणुकेंद्राचा गुण आहे. भट्टीत लागू पडतो तो ‘परिणामी बीटा’, आणि तो भट्टीगणिक वेगळा. विलंबित न्यूट्रॉन तत्क्षणी न्यूट्रॉनांपेक्षा बऱ्याच कमी ऊर्जेने जन्मतात. लहान पाण्याच्या भट्टीत त्यामुळे ते बाहेर कमी निसटतात आणि त्यांचे मोल वाढते, तर वेगवान भट्टीत त्यांना युरेनियम-२३८ चे विखंडन करता येत नाही म्हणून मोल घटते. परिणामी बीटा स्वतंत्रपणे मोजायचा तर गाभ्यात दर सेकंदाला एकूण किती विखंडने होतात हे निरपेक्षपणे ठाऊक हवे, आणि खरी अडचण तिथेच. पिढीकालासाठी निराळी युक्ती आहे: गाभ्यात सर्वत्र सारख्या प्रमाणात बोरॉनसारखे शोषक मिसळायचे आणि रिॲक्टिव्हिटी किती घटते ते पाहायचे, ती घट पिढीकालाच्या प्रमाणात असते. १९९० च्या दशकात फ्रान्सची माझुर्का आणि जपानची एफसीए या जुळण्यांवर अनेक देशांच्या गटांनी आपापल्या पद्धती घेऊन एकाच गाभ्याचा परिणामी बीटा मोजला, तो आकड्यांतली अनिश्चितता तीन टक्क्यांच्या आसपास आणण्यासाठी. २००२ मध्ये सहाऐवजी आठ गटांची नवी मांडणी सुचवली गेली. तिच्यात अर्धायुष्ये सर्व इंधनांसाठी एकच धरलेली आहेत, त्यामुळे मिश्र इंधनाचा हिशेब सोपा होतो.

या मोजमापाला नवे महत्त्व आले ते त्वरकाने चालणाऱ्या भट्ट्यांच्या कल्पनेमुळे. अशी भट्टी कायम क्रांतिकतेच्या खाली राहते आणि बाहेरून येणाऱ्या न्यूट्रॉनांवर चालते. ती किती खाली आहे हे चालू असतानाच सतत कळणे सुरक्षिततेसाठी आवश्यक असते, आणि पिरियडची जुनी पद्धत तिथे निरुपयोगी. फ्रान्समध्ये माझुर्कावर आणि बेल्जियममध्ये मोल येथे गिनिव्हीअर या प्रकल्पात स्यॉस्ट्रँड यांच्या क्षेत्रफळांची पद्धत पुन्हा पुढे आली. भाभा अणुसंशोधन केंद्रात बेरिलियम ऑक्साइडचे आवरण आणि पॉलिथिनचा मंदक असलेली, नैसर्गिक युरेनियमची ‘ब्रह्मा’ ही जुळणी न्यूट्रॉन जनित्राला जोडून तिच्यावर हेच प्रयोग करण्यात आले. त्वरकाच्या न्यूट्रॉनांत एक नवी अडचणही आहे. फाइनमन आणि रॉसी यांची सूत्रे असे गृहीत धरतात की बाहेरून येणारे न्यूट्रॉन यादृच्छिकपणे, एकमेकांशी संबंध नसताना येतात. त्वरकातून मात्र ते ठरावीक ठोक्यांनी आणि घोळक्याने येतात. भाभा केंद्रातले एस. बी. देगवेकर यांनी या शतकाच्या पहिल्या दशकात अशा स्रोतासाठी गोंगाटाचा सिद्धांत नव्याने मांडला. त्यानुसार विचरणातल्या आधिक्याचा काही भाग साखळीतून येतो आणि काही भाग त्वरकातून, आणि आल्फा काढण्याआधी त्वरकाचा भाग वेगळा काढावा लागतो.